रूबेन पाण्यात पडतो तो पिक्चर

एडनाचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे एकावन्न साली, आमच्या गावात पिक्चरवाले आले. एडना माझी थोरली बहीण. तिच्या लग्नाच्या केकसाठी आई हिवाळ्यापासून रेशनची साखर डब्यात साठवत होती. लग्नाच्या आदल्या दिवशीच पिक्चरवाल्यांच्या मोटारींनी गावात उतरणारा एकुलता एक रस्ता असा अडवून टाकला, की नवऱ्याकडची माणसं कड्यावरच्या पायवाटेनं चालत आली आणि चिखलाच्या बुटांनीच प्रार्थनाघरात बसली. एडनाच्या सासूनं ते आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

आमचं हेल्सविक यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, कड्याच्या पोटात आहे. तेव्हा गावात मासेमारीशिवाय दुसरा धंदा नव्हता. माझा बाप रूबेन थीकर आणि त्याचा धाकटा भाऊ आयझॅक यांची मिळून एक होडी होती, 'प्रॉव्हिडन्स'. आयझॅककाकाचं लग्न झालेलं नव्हतं. तो वरच्या गल्लीत एका खोलीत राहायचा आणि दुपारचं जेवण आमच्या टेबलाशी जेवायचा. आई त्याला शिव्या घालत वाढायची आणि तो हसत खायचा.

पिक्चर विनोदी होता. टिबल नावाचा लंडनचा एक कारकून असतो. त्याला वारशात बोट मिळते. तो पांढरा कोट आणि सोनेरी बटणांची टोपी विकत घेऊन, स्वतःला 'कमोडोर', म्हणजे आरमारातला बडा अधिकारी, म्हणवत मोठ्या रुबाबात गावात येतो, आणि पाहतो तर ती खेकडे धरायची जुनी होडी. मग तो हट्टाला पेटतो आणि त्या होडीतून शर्यतीत उतरतो. गावकऱ्यांचं काम एवढंच, की धक्क्यावर उभं राहायचं आणि त्याला हसायचं. पण एक प्रसंग असा होता की टिबल खांद्यावर लांब वल्हं घेऊन धक्क्यावर येतो, कुणीतरी हाक मारतं, तो गर्रकन वळतो आणि वल्ह्याचा फटका बसून मागचा एक कोळी पाण्यात पडतो.

पिक्चरवाल्यांचा मिस्टर फेन नावाचा एक तरुण माणूस होता. त्यानं आमच्या पुरुषांना ओळीनं उभं केलं आणि विचारलं, "पाण्यात कोण पडणार?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"अहो, लाजताय काय? बंदरात पाणी शांत आहे. पडायचं आणि पोहत बाहेर यायचं."

"पोहत?" म्हातारा जेबेझ कोल म्हणाला. "पोहता कुणाला येतंय?"

फेनला ती थट्टा वाटली. "तुम्ही मच्छीमार लोक, आणि पोहता येत नाही?"

"कशाला यायला हवं, साहेब? पोहता येत असतं तर मरायला उगाच वेळ लागला असता."

सगळे हसले. फेन हसला नाही. त्याचा चेहरा उतरला, कारण त्याला कळलं की म्हातारा खरंच सांगतोय. आमच्याकडे कुणीच पोहायला शिकत नसे. थंड पाण्यात, गुडघ्यापर्यंतच्या बुटांत, पोहण्याचा उपयोग तरी काय होता?

तेवढ्यात बाप म्हणाला, "मी पडतो."

आई मागे बायकांत उभी होती. "रूबेन, डोकं फिरलंय का तुझं?"

"अगं, आयझॅक धरेल की."

आणि तसंच झालं. आईनं विणलेल्या निळ्या जाड स्वेटरच्या आतून बापाच्या कमरेला दोर बांधला. तो दोर पाठीमागून खाली सोडून, धक्क्याच्या कोपऱ्याआड, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी आयझॅककाकाच्या हातात दिला. बाप तोंडात पाइप धरून उभा राहिला. टिबल वळला, वल्हं बसलं, आणि माझा बाप मागच्या मागे असा सरळ गेला की जणू कुणी कपाटच ढकललं. पाणी उडालं. काकानं दोर ओढला. बाप वर आला तो पाइप तोंडात तसाच. त्यानं एक झुरका घेतला आणि पाइपमधून पाण्याची पिचकारी उडाली.

पाइपचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते बापाचं स्वतःचं. कॅमेऱ्यामागचा माणूस इतका हसला की तो खालीच बसला. मग त्यांनी बापाला पुन्हा पाडलं, आणि पुन्हा. संध्याकाळी तो कुडकुडत घरी आला. आई त्याला टॉवेलनं खसाखसा पुसत म्हणाली, "पन्नाशीला आलास आणि माकडचाळे शिकलास."

"लंडनहून माणसं आली होती माकड बघायला, थर्झा," बाप म्हणाला. "तुला रोज घरबसल्या दिसतं."

तो उन्हाळा आणि पुढचा शरद ऋतू बापानं त्या पडण्यावर काढला. पोरं त्याला रस्त्यात अडवून म्हणायची, "रूबेन, पडून दाखव!" आणि तो जाळ्यांच्या ढिगावर, गवतावर, एकदा तर पाद्रीबोवांच्या अंगणात मागच्या मागे पडला, पाइप तोंडात धरून. टिबल व्हायचं काम आयझॅककाकाचं. हाताला येईल ते खांद्यावर घ्यायचा, झाडू म्हणू नका, वल्हं म्हणू नका, आणि वळायचा. गाव हसायचं. आईसुद्धा तोंड फिरवून हसायची.

नोव्हेंबरात एका सकाळी दोघं भाऊ कॉड मासे धरायला गेले. त्यांच्याबरोबर जाणारा तिसरा माणूस तापानं पडला होता, म्हणून दोघंच गेले. थंडी कडाक्याची होती, पण समुद्र ताटातल्या पाण्यासारखा शांत होता. दुपारी 'प्रॉव्हिडन्स' परत आली ती एकट्या आयझॅककाकाला घेऊन.

मी आणि आई होड्या ओढून ठेवायच्या उतारावर उभ्या होतो. काका होडीतून उतरला. होडी वर ओढायला पुरुष आले. त्यांनी होडीत पाहिलं, काकाकडे पाहिलं आणि टोप्या काढल्या. कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

आमच्या गावची रीत अशी होती. होडीतून एक जण गेला आणि दुसरा परत आला, तर परत आलेल्यानं गेलेल्याच्या घरी जायचं, त्याच्या बायकोसमोर टेबलाशी बसायचं आणि सगळं झालं तसं सांगायचं. तिच्या आधी ते दुसऱ्या कुणाच्या कानावर घालायचं नाही, सख्ख्या आईच्याही नाही. तिनं ऐकून घेतलं, की दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर उतारावर यायची आणि सगळ्यांदेखत म्हणायची, "मी ऐकलं." मग तो पुन्हा समुद्रावर जायला मोकळा. तोवर त्याला कुणी होडीत घ्यायचं नाही, आणि त्यानंही आपली होडी पाण्यात घालायची नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. पण हेल्सविकमध्ये जन्मलेल्या माणसाला ते सांगावं लागत नसे.

काका त्याच संध्याकाळी दारात आला. टोपी हातात, ओठ निळे पडलेले. आईनं दार अर्धंच उघडलं.

"रूबेन घरी नाही," ती म्हणाली. "तो आला की ये."

आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. ती तेच म्हणाली. त्यानंतर किती वेळा आला असेल कोण जाणे. प्रेत मिळालं नव्हतं. किनाऱ्याच्या सगळ्या गावांना निरोप गेले, पण कुठंच काही लागलं नाही. पाद्रीबोवा येऊन म्हणाले, प्रेताशिवायही प्रार्थना करता येते, थर्झा. आई म्हणाली, "घाई कशाला? माणूस कामावर गेलाय."

ती वेडी झाली नव्हती. कुणाला वाटेल म्हणून सांगते. दुकानात हिशोब नीट करायची, एडनाच्या सासूला चोख उत्तरं द्यायची. फक्त एक गोष्ट करायची. आमच्याकडे बायकांचं काम म्हणजे शिंपले फोडून आतलं मांस काढायचं आणि लांब दोरीच्या एकेका गळाला ते लावून दोरी टोपलीत गोल मांडून ठेवायची. पुरुष तीच दोरी समुद्रात सोडतात. आई रोज सकाळी उठून बापाची दोरी तयार करायची. दुसऱ्या दिवशी ते मांस वास मारायला लागायचं. मग ती ते गळागळावरून काढून टाकायची आणि ताजं लावायची. मी तिच्याबरोबर बसायचे. थंडीनं बोटांना भेगा पडायच्या आणि त्यात शिंपल्यांचं खारं पाणी जायचं.

"आई, कुणासाठी करतोय आपण हे?" मी एकदा विचारलं.

"हात चालव," ती म्हणाली.

तिकडे काकाची दशा बघवत नव्हती. 'प्रॉव्हिडन्स' उतारावर उलटी पडलेली. तो रोज तिच्याजवळ येऊन उभा राहायचा. बाकीच्या होड्या जाताना बघायचा आणि येताना बघायचा. जेवणाचं कसं करत होता देव जाणे. एकदा मी रुमालात पाव आणि भाजलेला मासा घेऊन गेले, तर त्यानं घेतलं नाही. "आईनं दिलंय का?" म्हणाला. मी नाही म्हणून मान हलवली. "मग नको, ऑलिव्ह."

"काका, मला सांग ना. मी तिला सांगते."

त्याचा चेहरा असा झाला, की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

गावाचं तोंड मात्र बंद नव्हतं. समुद्र शांत होता ना? मग धडधाकट माणूस होडीतून पडतो कसा? कुणी म्हणालं, होडीच्या वाटणीवरून भावाभावांत वाजलं असेल. कुणी म्हणालं, थर्झाला काहीतरी माहीत असेल, उगाच नाही ती दार उघडत. विल्फ कॅमिश या मोठ्या होडीच्या मालकाला माणूस हवा होता. तो मला धक्क्यावर म्हणाला, "पोरी, तुझ्या आईला समजाव. आयझॅकसारखा हात या किनाऱ्यावर नाही. पण ज्याचं ऐकलं गेलेलं नाही त्याला मी होडीत घेतला, तर माझी बायको मला घरात घेणार नाही. शिवाय..."

"शिवाय काय?"

"शिवाय तो असाच राहिला तर उन्हाळा बघायचा नाही. डोळे पाहिलेस त्याचे?"

पाहिले होते. काका कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहतो हेही मी पाहिलं होतं. मी आईला सांगितलं. ती शिंपला फोडत म्हणाली, "त्याला उभं राहू दे की. वारा खायला काय हरकत आहे?" पण सुरी निसटली आणि अंगठा कापला.

मार्चमध्ये पिक्चर आला. मिस्टर फेननं जाताना वचन दिलं होतं, की पिक्चर तयार झाला की आधी तुमच्या सभागृहात दाखवू. तो शब्दाला जागला. यंत्र आणि डबे घेऊन एक गाडी शनिवारी दुपारी येणार असा निरोप आला. गाव पेचात पडलं. सगळ्यांना स्वतःला बघायचं होतं, आणि त्यात रूबेन होता. विल्फची बायको आणि पाद्रीबोवा आमच्याकडे आले.

"थर्झा," विल्फची बायको चहाचा कप हातात फिरवत म्हणाली, "तुझी इच्छा नसेल तर आम्ही गाडी परत पाठवू. किंवा ते यंत्रवाले तो तेवढा भाग गाळतील. कात्रीनं कापता येतं म्हणे."

"काय कापता येतं?"

"ते... तो पडतो ते."

"कापू नका," आई म्हणाली. "मी येणार आहे."

पाद्रीबोवांना ठसका लागला. माझी आई जन्मात कधी थिएटरात गेली नव्हती. तिच्या बापानं शिकवलं होतं की अंधारात बसून हसणं हे देवाला आवडत नाही.

"माझा नवरा घरी येत नाही," ती म्हणाली, "तर मी त्याला जिथं आहे तिथं जाऊन बघते. त्यात काय एवढं?"

सभागृहाच्या खिडक्यांना युद्धातले काळे पडदे अजून होते. शनिवारी जेवणं आटोपून लोक जमले आणि पडदे ओढले. आई आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो. एडना तिच्या नवऱ्याबरोबर आमच्या मागे बसली. आईनं काळे कपडे घातले नव्हते, तिचा नेहमीचा तपकिरी कोट होता. लोक आमच्याकडे बघत नव्हते, म्हणजे बघत होते. आयझॅककाका अगदी मागे शेगडीजवळ उभा होता. त्याच्या आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या.

सुरुवातीला नावं सरकत गेली. ती इतकी भराभर गेली की मला वाचता आली नाहीत. मी एडनाला विचारलं, बापाचं नाव आहे का? ती म्हणाली, नाही.

पिक्चर काही चांगला नव्हता हे मला आज कळतं. टिबल ओरडायचा फार. पण आम्हाला काय त्याचं! आमचं दार दिसायचं आणि ते उघडून टिबल आत जायचा तो विल्फच्या स्वयंपाकघरात निघायचा. जेबेझ म्हातारा पडद्यावर नाक पुसताना दिसला तसा तो खुर्चीतून उठून ओरडला, "हा मी नव्हे! मी रुमाल वापरतो!" लोकांनी त्याला खाली ओढलं. सभागृह गदगदून हसत होतं.

मग धक्का दिसला आणि हसू थांबलं.

बाप उभा होता. निळा स्वेटर पडद्यावर काळाच दिसत होता. तोंडात पाइप. तो वाऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होता, तसा तो रोज सकाळी दारातून बघायचा. टिबल वल्हं घेऊन आला. माझ्या बाजूला आईचा श्वास ऐकू येईना. टिबल वळला. बाप मागच्या मागे गेला. पाणी उडालं.

सबंध सभागृहात शिंकेचासुद्धा आवाज नाही. यंत्राची घरघर तेवढी. पडद्यावर पाणी हलत होतं आणि वर कुणी येत नव्हतं. खरं तर क्षणभरच असेल.

मग बापाचं डोकं वर आलं. पाइप तोंडात. झुरका घेतला आणि पिचकारी उडाली.

माझ्या शेजारी आवाज झाला. मला वाटलं आई रडायला लागली. मी तिचा हात धरला, तर ती हसत होती. आधी दाबून, मग तोंड उघडून. "बघ," ती म्हणत होती, "बघ मेल्याला! पाइप सोडला नाही!" तिचं हसू ऐकून मागचं कुणीतरी हसलं आणि मग सगळं सभागृह फुटलं. लोक पोटं धरून हसत होते, डोळे पुसत होते. चार महिने कोंडलेलं एकदम बाहेर आलं.

त्या हसण्यात मागे खुर्च्या कोसळल्याचा आवाज झाला. आम्ही वळून पाहिलं. आयझॅककाका दोन्ही हातांनी कान गच्च दाबून, अडखळत, लोकांना ढकलत दाराकडे चालला होता. दार उघडलं. बाहेरचा उजेड भस्सकन आत आला आणि तो गेला.

आईचं हसू तिथंच थांबलं. ती त्या दाराकडे बघत राहिली. मग उठली. पडद्यावर टिबल काहीतरी ओरडत होता. ती लोकांच्या गुडघ्यांना अडखळत बाहेर पडली आणि मी तिच्यामागे गेले.

काका उतारावर 'प्रॉव्हिडन्स'ला टेकून ओकत होता. आई जवळ गेली. तो मान वर करेना.

"आयझॅक, घरी चल," आई म्हणाली.

"नको, थर्झा. आता नको."

"इतके दिवस दार ठोठावत होतास ना?"

"तेव्हा मला वाटत होतं की सांगता येईल."

"चल म्हणते ना!"

तो आला. टेबलाशी बसला, आई समोर बसली. मी चहाचं पाणी ठेवायला गेले तर आई म्हणाली, "असू दे. तूही बस. तुझाही बाप होता." होता, असं ती पहिल्यांदाच म्हणाली.

काका टेबलाकडे बघत बोलला. आवाज सपाट होता. हे त्यानं मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेल, असं मला वाटलं.

"दोऱ्या ओढून झाल्या होत्या. मासे बरे मिळाले होते. हात गारठले म्हणून त्यानं पाइप पेटवला आणि मागच्या फळीवर उभा राहिला, वारा कुठला येतोय बघायला. मी वल्हं उचललं. थर्झा, वल्हं मी उचललं. खांद्यावर घेतलं आणि म्हटलं, 'कोण हाक मारतंय कमोडोर टिबलला?' आणि वळलो. वल्हं त्याला लागलं नाही. कधीच लागायचं नाही. त्यालाच माहीत असायचं कधी पडायचं. आत, दोऱ्यांच्या टोपल्यांवर पडायचं असं त्याच्या मनात असणार. पण फळीवर माशांचं बुळबुळीत होतं. पाय बाहेरच्या बाजूला गेला."



"पुढे," आई म्हणाली.

"मी हसलो."

त्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली.

"अगदी तसाच पडला होता गं तो. कपाट पडल्यासारखा. मला वाटलं हा मुद्दाम. आज खराच पडला, आज कमालच केली, असं वाटलं. मी वल्हं टेकवून हसत उभा राहिलो. आता पाइप तोंडात घेऊन वर येईल म्हणून वाट बघत राहिलो. एकदा त्याचं डोकं वर आलं. तोंडात पाइप नव्हता. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्यानं मला हसताना बघितलं, थर्झा. मग तो खाली गेला. मग पाइप एकटाच वर आला. तेव्हा मला कळलं. मी वल्हं पुढे केलं, पण तिथं कुणी नव्हतं."

 मी आईकडे बघू शकले नाही, म्हणून तिच्या हातांकडे बघत होते. अंगठ्यावरची जखम ती दुसऱ्या हाताच्या नखानं उकरत होती.

"किती वेळ हसलास?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. आठवायचा प्रयत्न करतो. कधी वाटतं, एवढासाच. कधी वाटतं, वेळ होता."

"हात पोचला असता?"

"कदाचित. हो. कदाचित."

त्याला खोटं बोलता आलं असतं. तिथं बघायला कोण होतं? पण आमच्यात त्या टेबलाशी खोटं बोलत नसत, आणि त्याच्या तर ते डोक्यातही आलं नसेल.

आई उठली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. सभागृहातून लोक बाहेर पडत होते, मोठमोठ्यानं बोलत, आणि आमच्या दाराजवळ आल्यावर आवाज खाली करत होते.

"मीही आत्ता हसले," ती खिडकीकडे तोंड करूनच म्हणाली. "गावभर ऐकू जाईल असं."

"ते वेगळं होतं."

"वेगळंच होतं," आई म्हणाली. "मला माहीत होतं तो वर येणार म्हणून. पण तुलाही तो येईल असंच वाटलं होतं."

काका टेबलावर डोकं ठेवून रडला. आई त्याच्याजवळ गेली नाही. मी हात पुढे केला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "उद्या रविवार. सोमवारी सकाळी उतारावर ये. भरती लागायच्या आत." तो उठला, टोपी घेतली आणि गेला. मग आई अंगणात गेली. टोपलीतल्या दोरीवरचं सगळं मांस तिनं काढलं आणि समुद्रपक्ष्यांना टाकलं. त्या दिवशी ताजं लावलं नाही.

सोमवारी आई काळे कपडे घालून उतारावर गेली. सगळ्या होड्यांची माणसं होती. ती काकाच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "मी ऐकलं." एवढंच. विल्फ कॅमिशनं काकाला हात धरून आपल्या होडीत घेतलं. काय ऐकलं ते तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. गावानं आपापल्या मनानं काहीतरी ठरवलं असणार. पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात बापासाठी प्रार्थना झाली.

सगळं पूर्वीसारखं झालं असतं तर मी ते तसं लिहिलं असतं. तसं झालं नाही. काका त्यानंतर आमच्याकडे जेवायला आला नाही. आईनं बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो आला असता असं मला वाटत नाही. नाताळात तो दारापाशी मासे ठेवून जायचा. ती ते घ्यायची, रांधायची आणि त्याचा वाटा माझ्या हाती पाठवायची. रस्त्यात भेटले तर दोघं हवापाण्याचं बोलायचे. पण एक मी पुष्कळदा पाहिलं. कुणी विनोद केला आणि तिथं ते दोघंही असले, तर दोघंही हसायचे नाहीत. आधी एकमेकांकडे बघायचे. मग कुणीतरी एक निघून जायचा.

पिक्चर लंडनमध्ये आठवडाभरही टिकला नाही म्हणे. एडनाच्या मुलीनं पुढे बरीच चौकशी केली, पण त्याचे डबे कुठं आहेत हे कुणाला सांगता आलं नाही. तिला वाटलं मला वाईट वाटेल. मी तिला म्हटलं, राहू दे.

माझी आई थर्झा थीकर चौसष्टच्या ऑक्टोबरात छातीच्या दुखण्यानं गेली. आयझॅक थीकर एकोणसत्तरच्या फेब्रुवारीत आपल्या खोलीत, अंथरुणात मेला. माझा बाप रूबेन थीकर एकावन्नच्या नोव्हेंबरात हेल्सविकसमोर समुद्रात बुडाला. तो सापडला नाही.